खड्ड्याच्या काठावरचे निर्णय

नवी भुयारी गटार आणि जुनी पावसाळी गटार एकाच गल्लीत एकमेकींना आडव्या आल्या की वाट कोणी सोडायची, हा प्रश्न आपल्या लहान शहरांत अभियंत्याने कमी आणि जेसीबीच्या चालकाने जास्त सोडवला आहे. चारी खोदता खोदता अंदाजपत्रकात नसलेली एखादी मोरी किंवा स्लॅबखालची जुनी गटार लागते. पाइप जायला हवा नेमका तिथूनच. साहेब जागेवर नसतात, मजुरांचा दिवस भरत आलेला असतो, दुकानदार रस्ता कधी बुजवणार म्हणून विचारत असतात. मग तीनपैकी एक उपाय होतो. जुन्या गटारीची भिंत फोडून पाइप तिच्या पोटातून आरपार नेतात, नाही तर पाइप थोडा उचलून वरून काढतात, नाही तर भुयारी गटारीचे चेंबर सरळ जुन्या गटारीला जोडून टाकतात. संध्याकाळपर्यंत माती लोटली जाते आणि केलेली तडजोड पुढची तीस-चाळीस वर्षे जमिनीखाली राहते. या आडव्या येण्याचा निकाल खोदाईच्या आधी, मोजमाप करून, कागदावर आणि कोणाच्या तरी सहीने लागला पाहिजे, हा या लेखाचा मुद्दा आहे. ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण भुयारी गटारीवर खर्च होणारे कोट्यवधी रुपये कामी येणार की वाया जाणार, हे बऱ्याच अंशी याच किरकोळ वाटणाऱ्या जागांवर ठरते.

दोंडाईचा हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे ४६ हजार लोक राहत होते. मिरचीचा मोठा बाजार, पश्चिम रेल्वेचा उधना-जळगाव मार्ग, दाट वस्तीचे जुने गाव आणि त्याभोवती वाढत गेलेल्या कॉलन्या, अशी शहराची ठेवण आहे. अमरावती नदी इथून पुढे तापीला मिळते. तिच्यावर वरच्या अंगाला मालपूरला धरण आहे, त्यामुळे वर्षातले बरेच महिने नदीत स्वतःचे पाणी थोडेच असते. तिच्यात सोडलेले सांडपाणी पातळ होत नाही, जसेच्या तसे पुढे सरकते. पुढे तापीवर सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आहेत. तिथे पाणी वाहते कमी आणि साठून जास्त राहते, आणि त्याच साठ्यांवर शेती आणि गावोगावच्या नळयोजना अवलंबून आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले निघाले. आपल्या खानदेशातल्या तापी आणि गिरणा या दोन्ही नद्या त्या यादीत होत्या. तेव्हा सांडपाणी बंद वाहिनीतून प्रक्रिया केंद्रापर्यंत गेले पाहिजे, याबद्दल वाद नाही. ही वाहिनी जुन्या गटारींच्या जाळ्यातून नेमकी कशी न्यायची, हा खरा प्रश्न आहे. आणि ते जाळे कोणी एकाने आखलेले नाही. काही गटारी नगरपरिषदेने निरनिराळ्या निधींतून वॉर्डावॉर्डात बांधल्या, काही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याकडेने आल्या, रेल्वेखालच्या मोऱ्यांची पातळी रेल्वेने ठरवली. प्रत्येक तुकडा आपापल्या वेळी, आपापल्या लेव्हलने बांधलेला. त्यातच बहुतेक उघड्या गटारींतून बारा महिने घरांचे सांडपाणी वाहते आणि पावसाळ्यात त्यांनीच पावसाचेही पाणी न्यावे, अशी अपेक्षा असते.

ही दोन्ही पाणी एकत्र का येऊ नयेत, हे साध्या गुणाकाराने दाखवता येते. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या तांत्रिक संस्थेच्या नियमावलीतला हिशेब धरला, तर भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरवावे आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येईल असे मानावे. ४६ हजार लोकांचे हे पाणी दिवसाला साधारण ५० लाख लिटर होते, म्हणजे सेकंदाला सरासरी ५८ लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळी ते अडीचपट धरायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४५ लिटर. आता पावसाकडे पाहू. तासाला २५ मिलिमीटरची एक सर, पक्के रस्ते आणि स्लॅबची घरे असलेल्या एक हेक्टर भागावर पडली आणि तिचे ७० टक्के पाणी वाहून निघाले, तर ते सेकंदाला ४९ लिटरच्या आसपास भरते. याचा अर्थ, अशा तीन हेक्टरांवर, म्हणजे जेमतेम साडेसात एकरांवर पडलेली एक जोरदार सर अख्ख्या दोंडाईच्याच्या सकाळच्या सांडपाण्याइतके पाणी देते. एखाद्या बाजारपट्ट्याच्या दोन-तीन गटारी भुयारी वाहिनीला जोडल्या गेल्या, तर तेवढ्याने सगळ्या शहराची वाहिनी भरून जाईल. मग पाणी जिथे सर्वांत सखल जागा मिळेल तिथल्या चेंबरमधून आणि तिथल्या घरांच्या संडासातून वर येते. प्रक्रिया केंद्रावर तर पहिल्या पावसातच सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू गाळाबरोबर वाहून जातात आणि ते केंद्र पुन्हा मार्गी लागायला वेळ घेते.

दुसरा हिशेब उताराचा आहे आणि वाट कोणी सोडायची याचे उत्तर त्यात आहे. भुयारी गटारीत वाटेत पंप नसतो. पाणी केवळ उतारावर चालते, आणि ते किमान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने चालले नाही तर मैला तळाशी बसतो. २०० मिलिमीटरच्या पाइपला हा वेग मिळायला साधारण ३०० मीटरला एक मीटर उतार लागतो. दोन चेंबरमधले अंतर ३० मीटर धरले, तर त्या दोहोंमधला उतार फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतसुद्धा नाही. वाटेत आलेल्या मोरीवरून जाण्यासाठी मजुराने पाइप दहा सेंटिमीटर उचलला, की त्या टप्प्याचा सगळा उतार संपला. उलट, तो मोरीखालून नेण्यासाठी अर्धा मीटर खाली घेतला, तर तिथून पुढची प्रत्येक चारी अर्धा मीटर खोल होणार, आणि शेवटी पंपिंग स्टेशनची विहीरही तेवढीच खोल करावी लागणार. त्यासाठीची ज्यादा खोदाई, मुरूम-खडक फोडण्याचा खर्च आणि पंपाच्या विजेचे कायमचे बिल शहराने भरायचे. पावसाळी गटारीची गोष्ट वेगळी आहे. तिलाही उतार लागतो, पण तिचा आकार बदलता येतो. ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल गटार, आडव्या येणाऱ्या जागेपुरती ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल केली, तर तिच्यातून जाणारे पाणी फारसे घटत नाही आणि तिच्या तळाखाली ३० सेंटिमीटर जागा मोकळी होते. पाइपला मात्र असे बसके होता येत नाही. म्हणून खालची जागा भुयारी गटारीची, वरची पावसाळी गटारीची, आणि पातळीत तडजोड करायचीच तर आधी पावसाळी गटारीच्या आकारात, हा सर्वसाधारण क्रम असला पाहिजे.

या क्रमातून पुढचे नियम आपोआप येतात. पहिला पर्याय कागदावरचा: नव्या वाहिनीचा मार्गच असा आखायचा की आडव्या येण्याच्या जागा कमीत कमी राहतील. भुयारी गटार रस्त्याच्या मध्यातून, पावसाळी गटारी दोन्ही कडांनी, आणि गल्लीच्या तोंडाशी एकाच ठिकाणी ओलांडणी, एवढ्या शिस्तीनेही निम्मी भांडणे मिटतात. जिथे ओलांडणी टळत नाही तिथे भुयारी पाइप खालून जावा, आणि त्यासाठी लागणारी खोली वरच्या अंगापासूनच उतारात धरलेली असावी. ओलांडणीच्या नेमक्या खाली पाइपचा सांधा नको, आणि तेवढ्या लांबीला पाइपभोवती काँक्रीटचे वेष्टण हवे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या हालचालीने सांधे उघडतात, आणि वरच्या गटारीचे पाणी खालच्या वाहिनीत झिरपायला लागते. पाइप जुन्या गटारीच्या पोटातून नेण्याची वेळ आलीच, तर तो लोखंडी असावा, गटारीच्या छताजवळ असावा आणि त्याने अडवलेली जागा गटार रुंद करून भरून द्यावी. कारण गटारीच्या मध्यात आडवा पाइप म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या अडकण्याची हमखास जागा. पाइप एकदम खाली बुडवून पलीकडे वर काढण्याचा उपाय, ज्याला अभियंते उलटा सायफन म्हणतात, तो अगदी नाइलाज झाल्याशिवाय नको. त्यात मैला आणि गाळ साचतो, तो नियमित उपसावा लागतो, आणि आपल्या नगरपरिषदांची नियमित उपसा करण्याची कुवत आपण सगळे जाणतो.

नाल्यांच्या तोंडाशी हाच प्रश्न मोठ्या आकारात उभा राहतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्याचा विषय घेतला गेला, आणि त्यात नाले अडवून त्यांचे पाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवण्यावर भर आहे. घरोघरी जोडण्या देण्यापेक्षा हे लवकर होते, स्वस्त पडते आणि नदीचा त्रासही तत्काळ कमी होतो. पण वळवण्याच्या या जागी भुयारी आणि पावसाळी वाहिनी जाणूनबुजून जोडलेल्या असतात, म्हणून तिथे एका गोष्टीवर सगळे अवलंबून असते: नाल्यात बांधलेल्या छोट्या बंधाऱ्याच्या माथ्याची उंची. तो इतकाच उंच हवा की कोरड्या दिवसातले पाणी अडून पाइपात शिरेल आणि पाऊस आला की पाणी त्यावरून सरळ नदीकडे जाईल. तो उंच झाला तर मागची वस्ती बुडते, ठेंगणा झाला तर मैला नदीत. शिवाय पाइपाच्या तोंडाशी जाळी आणि बंद करता येणारी झडप लागते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती चालते की नाही हे पाहणारा माणूस लागतो. ही व्यवस्था तात्पुरती आहे, हेही मान्य केले पाहिजे. घरे थेट भुयारी वाहिनीला जोडली जातील तसतसा नाला फक्त पावसाचा राहिला पाहिजे. तसे झाले नाही, तर नाला अडवण्याची सोय हेच कायमचे धोरण बनते आणि उघड्या गटारी पुन्हा सांडपाण्याच्याच राहतात.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की दोंडाईचा ज्यात येते तो शिंदखेडा हा अवर्षणप्रवण तालुका. इथे पाऊस पडतो किती, की त्याच्यासाठी वेगळ्या वाहिन्यांची चैन करावी? एकाच मोठ्या पाइपात दोन्ही पाणी सोडले तर ओलांडणीचा प्रश्नच राहत नाही. हा युक्तिवाद वर्षभराच्या पावसाची बेरीज पाहतो. गटार मात्र एका तासाचा पाऊस पाहते, आणि कमी पावसाच्या प्रदेशातही तो तास येतोच. वर केलेला साडेसात एकरांचा हिशेब एका सरीचा होता, वर्षाचा नव्हे. शिवाय पावसाच्या मापाचा मोठा पाइप टाकला, तर वर्षातले आठ-नऊ कोरडे महिने त्याच्या तळाशी सांडपाण्याची बारीक धार हळूहळू सरकत राहील, गाळ बसेल, दुर्गंधी सुटेल. जगातल्या ज्या जुन्या शहरांनी एकच वाहिनी पत्करली ती आज त्याची किंमत मोजत आहेत. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज असह्य झाले, त्यानंतर लंडनने जोसेफ बॅझलगेट यांच्या आराखड्यानुसार गटारींचे भव्य जाळे बांधले. ते दोन्ही पाणी एकत्र नेणारे होते. जोराचा पाऊस आला की त्यातून मैलामिश्रित पाणी नदीत सुटत राहिले, आणि ते अडवण्यासाठी लंडनला नदीखालून २५ किलोमीटरचा प्रचंड बोगदा खोदावा लागला. तो २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाला आणि त्यावर साडेचार अब्ज पौंडांच्या आसपास खर्च आला. लंडनकडे तेवढे पैसे होते. नगरपरिषदेने ती चूक विकत घेऊ नये, हेच शहाणपण.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. प्रत्येक ओलांडणीवर आधी खड्डा घेऊन पाहायचे, लेव्हल घ्यायची, आराखडा दुरुस्त करायचा, तोवर निधीची मुदत संपेल, असे सांगितले जाते. ही अडचण खोटी नाही. निधी ३१ मार्चला परत जाण्याची भीती कार्यालयांत खरीच असते. पण आधी न मोजल्याने वेळ वाचतो, याचा पुरावा आपल्या आसपास तरी दिसत नाही. जळगावात अमृत योजनेतली पाणीपुरवठ्याची आणि मलनिस्सारणाची कामे, धुळ्यात देवपूर भागातली भुयारी गटार, या दोन्हींमुळे खोदून ठेवलेले रस्ते आणि नागरिकांचा संताप वर्षानुवर्षे बातम्यांचा विषय राहिला. अशा विलंबामागे कारणे अनेक असतात, पण जमिनीखाली काय आहे हे खोदल्यावर कळणे हे त्यांतले टाळता येण्याजोगे कारण आहे. खोदाई सुरू झाल्यावर प्रत्येक अनपेक्षित मोरी म्हणजे ठेकेदाराची ‘जादा बाब’. तिला मंजुरी हवी, तोवर रस्ता उघडा. हीच मोरी निविदेआधी नकाशावर असती, तर तिचा दर स्पर्धेत ठरला असता. चाचणी खड्डा म्हणजे दोन-चार मजुरांचे एका दिवसाचे काम. काँक्रीटचा नवा रस्ता दुसऱ्यांदा फोडण्याच्या तुलनेत तो खर्च नगण्य आहे, हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. लहान शहराला भुयारी गटारीचे जाळे हवेच कशाला. सेप्टिक टँक नीट बांधा, ठरावीक मुदतीने उपसा, गाळावर प्रक्रिया करा आणि रस्ते फोडणे टाळा, असे सांगणारे अभ्यासक आहेत. विरळ कॉलन्यांबाबत ते बरोबर आहेत. जिथे प्लॉट मोठे आहेत, शोषखड्ड्याला जागा आहे, तिथे पाइप नेण्याचा हट्ट धरू नये. त्याने ओलांडण्यांची संख्याही घटेल आणि निधी दाट वस्तीसाठी वाचेल. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून घरे आहेत, सेप्टिक टँक घराखाली आहेत, काहींचे पाणी सरळ उघड्या गटारीत येते, आणि उपसा करणारी गाडी गल्लीत शिरत नाही. तिथे बंद वाहिनीला पर्याय नाही. आणि सगळ्यांत जास्त ओलांडण्या नेमक्या याच भागात आहेत. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने अनेक जुन्या घरांची जोती रस्त्याखाली गेलेली असतात, त्यामुळे त्यांच्या जोडणीसाठी वाहिनी आणखी खोल घ्यावी लागते. म्हणजे आक्षेपाचा योग्य अर्थ ‘भुयारी गटार नको’ असा नसून ‘ती जिथे अटळ आहे तिथेच घाला, आणि तिथे ती जास्त काळजीने घाला’ असा होतो.

ही काळजी का हवी, याचे एक कारण तांत्रिक नाही. उतार मोडलेली, सांधा सरकलेली, गटारीच्या पोटात अडकलेली वाहिनी तुंबत राहते, आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये शेवटी माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास आणि संरक्षक साधनांविना गटारीत माणूस उतरवण्यास बंदी आहे. गटारीत होणाऱ्या मृत्यूंसाठी कुटुंबीयांना १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम तिप्पट करावी लागली, यातच मृत्यू थांबलेले नाहीत हे आले. खड्ड्याच्या काठावर वाचवलेल्या एका दिवसाची भरपाई अशी भलत्याच माणसाकडून वसूल होते. दुसरा धोका पिण्याच्या पाण्याचा. आपल्या शहरांत नळाला रोज चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद असताना रिकाम्या नळवाहिनीत दाब नसतो आणि भोवतीची घाण गळक्या सांध्यांतून आत ओढली जाते. ओलांडणीच्या जागी दोन नव्हे, तीन वाहिन्या भेटतात. नळवाहिनी सर्वांत वर आणि भुयारी गटारीपासून शक्य तेवढी दूर, ही अट तडजोडीत कधीही सुटता कामा नये.

मग करायचे काय? महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने गटारी बांधणे आणि त्यांची देखभाल हे नगरपरिषदेचे कर्तव्य ठरवले आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच व्हावी. निविदा काढण्याआधी शहरातल्या प्रत्येक पावसाळी गटारीचा आणि मोरीचा तळ गाळ काढून मोजावा. वरून दिसणारा तळ हा बहुधा साचलेल्या गाळाचा असतो. ती पातळी, रस्त्याची पातळी आणि घरांच्या जोत्यांची पातळी एकाच नकाशावर यावी. बांधकाम विभाग आणि रेल्वे यांच्या मोऱ्यांची माहिती त्यांच्याकडून लेखी घ्यावी आणि परवानग्या कार्यादेशाआधी मिळवाव्यात. प्रत्येक ओलांडणीला क्रमांक द्यावा, तिथे कोणती वाहिनी किती खाली आणि कोणत्या प्रकारे जाणार याचे एक पानी रेखाचित्र असावे, आणि त्यावर जबाबदार अभियंत्याची सही असावी. जागेवर काही वेगळे निघाले, तर काम त्या ठिकाणापुरते थांबवून सही असलेला बदल झाल्यावरच पुढे जावे. माती लोटण्याआधी प्रत्यक्ष पातळी मोजमाप पुस्तकात आणि छायाचित्रात नोंदली गेल्याशिवाय त्या टप्प्याचे बिल निघू नये. केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले, खोदणाऱ्याने आधी इतर वाहिन्यांच्या मालकांना कळवावे म्हणून. पण ज्या नगरपरिषदेकडे स्वतःच्या गटारींचा नकाशाच नाही, तिला कोणी कळवले तरी ती सांगणार काय?

यातले काहीही नवे तंत्रज्ञान नाही. सीपीएचईईओची मलनिस्सारणाची नियमावली २०१३ पासून आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची २०१९ पासून उपलब्ध आहे. दोन विषयांची दोन पुस्तके, दोन अंदाजपत्रके आणि बहुधा दोन ठेकेदार असतात. रस्ता मात्र एकच असतो, आणि त्या एका रस्त्याचा एक धनी नेमणे एवढेच राहून जाते. नगरसेवकांनी आणि नागरिकांनी भूमिपूजनाच्या दिवशी योजनेची रक्कम विचारण्याऐवजी ओलांडण्यांची यादी मागावी. यादी असेल, तर काम कसे होणार हे कोणाला तरी माहीत आहे. ती नसेल, तर भूमिपूजन पुढे ढकलण्यास ते पुरेसे कारण आहे.